आधी त्या मुलीसाठी फोन करा, सभा नंतर घ्या

वाचकाचे पत्र

मी एकसष्ट वर्षांची असून पुण्यात नगर रस्त्याच्या परिसरातील एका सोसायटीत राहते. आमच्या चौथ्या मजल्यावरील एक सदनिका मालकाने सहा महिन्यांपूर्वी एजंटमार्फत भाड्याने दिली. मालक दुसऱ्या शहरात असतात. कागदोपत्री तेथे एक दांपत्य राहते. प्रत्यक्षात चार-पाच मुली असतात आणि दर काही आठवड्यांनी चेहरे बदलतात. दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत अनोळखी पुरुष येतात आणि अर्ध्या-पाऊण तासात निघून जातात. गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये एका मुलीने मला मोडक्या हिंदीत म्हटले, ‘आंटी, फोन दो ना, घर बात करनी है.’ वय पंधरा-सोळा असावे. मी पर्स उघडेपर्यंत जिन्यातून एक माणूस आला आणि तिला दंडाला धरून घेऊन गेला. येत्या रविवारी सोसायटीची सभा आहे. काहींचे म्हणणे, बाहेरची दहा-वीस माणसे बोलावून त्यांचे सामान रस्त्यावर काढावे. काहीजण येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू लागले आहेत. ‘आपल्या भागाची बुधवार पेठ होऊ द्यायची नाही,’ असे चेअरमन म्हणतात आणि यापुढे एकट्या मुलींना घर भाड्याने द्यायचे नाही, असा ठरावही येणार आहे. माझे यजमान म्हणतात, या भानगडीत पडू नकोस. मला मात्र त्या मुलीचा चेहरा विसरता येत नाही. मी काय करावे?
— एक ज्येष्ठ सभासद, पुणे

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. चौथ्या मजल्यावरचा धंदा इमारतीतून कसा जाईल, हा एक. आणि तुमच्याकडे फोन मागणारी मुलगी तेथून सुखरूप कशी बाहेर येईल, हा दुसरा. रविवारच्या सभेत चर्चा पहिल्या प्रश्नाची होईल आणि तो सुटला की दुसराही सुटला, असे उपस्थितांना वाटेल. तसे होत नाही. पहिला प्रश्न घाईघाईने आणि आरडाओरडा करून सोडवला, तर ती मुलगी त्याच रात्री एखाद्या गाडीत बसवून दुसऱ्या उपनगरात किंवा दुसऱ्या राज्यात नेली जाण्याची शक्यताच अधिक. म्हणून सभेची वाट पाहू नका. हे वाचत असाल त्याच दिवशी १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर किंवा ११२ वर फोन करा आणि तुम्ही जे पाहिले ते जसेच्या तसे सांगा: इमारतीचे नाव, मजला, सदनिकेचा क्रमांक, दिवस, अंदाजे वेळ, त्या मुलीचे शब्द, तिला ओढून नेणाऱ्या माणसाचे वर्णन. मुलगी अल्पवयीन वाटते, हे पहिल्याच वाक्यात सांगा, कारण त्यावरून पुढची सगळी कारवाई ठरते.

तिचे वय नक्की किती, हे तुम्हाला ठाऊक असण्याची गरज नाही. ती सतरा वर्षांची आहे की एकोणीस, हे ठरवण्याचे काम पोलीस, डॉक्टर आणि बाल कल्याण समिती यांचे आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यात, म्हणजे ज्याला आपण पॉक्सो म्हणतो त्यात, असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या किंवा तो घडण्याची भीती वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवलेच पाहिजे, असे कलम १९ सांगते; गुन्हा घडल्याचे ठाऊक असूनही न कळवणे हा कलम २१ नुसार स्वतंत्र गुन्हा आहे. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर, ती पुढे चुकीची ठरली तरी, दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही त्याच कलम १९ मध्ये लिहिलेले आहे. तुमच्या यजमानांना हे वाचून दाखवा. त्यांची काळजी मी समजू शकते; चाळिशी-पन्नाशीचा संसार झाल्यावर माणूस आपल्या माणसाला पोलीस ठाण्याच्या पायरीपासून दूरच ठेवू पाहतो. पण ‘भानगडीत पडायचे की नाही’ ही निवड आता तुमच्या हातात उरलेली नाही. तुम्ही पाहिले आहे, आणि ज्याने पाहिले त्याच्यावर कायद्याने कर्तव्य टाकलेले आहे.

फोन केल्यानंतर लेखी तक्रारही द्या. ती चौकीतल्या ड्युटीवरील शिपायाकडे न ठेवता पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे द्या, किंवा पोलीस आयुक्तालयात गुन्हे शाखेच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे द्या, आणि पोच घ्या. यामागे कारण आहे. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यानुसार, ज्याला पोलीस आणि वार्ताहर ‘पिटा’ म्हणतात, वॉरंटशिवाय झडती आणि सुटका करण्याचे अधिकार निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या विशेष पोलीस अधिकाऱ्याकडे असतात. साध्या गस्तीवरच्या कर्मचाऱ्याने दार ठोठावले, तर कायदेशीर छापा पडत नाही आणि आतल्या माणसांना सूचना मात्र मिळते. तक्रारीत तुमचे नाव गुप्त ठेवावे, अशी विनंती स्पष्ट शब्दांत लिहा. कोणी दखलच घेतली नाही, तर तीच तक्रार पोलीस उपायुक्तांकडे पाठवा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही पायरी आणि तिच्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची वाट दोन्ही दिलेल्या आहेत. पिटा कायद्याच्या कलम १६ खाली दंडाधिकारी स्वतःही, मिळालेल्या माहितीवरून, कुंटणखान्यातून व्यक्तीची सुटका करण्याचा आदेश देऊ शकतात. एकटीने जाणे जड वाटत असेल, तर बालहक्कांवर किंवा तस्करीविरोधात काम करणाऱ्या एखाद्या संस्थेच्या कार्यकर्त्याला सोबत घ्या.

आता काय करू नये, याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण सज्जन माणसांच्या हातून नुकसान बहुधा येथेच होते.

घरमालकाला आताच फोन करू नका. सोसायटीच्या सचिवाचा पहिला विचार मालकाला नोटीस पाठवण्याचा असतो, आणि एरवी तो योग्यही असतो. पण मालक निष्पाप असला तरी तो घाबरून एजंटला फोन करील, एजंट चौथ्या मजल्यावर कळवील आणि पोलीस येईपर्यंत सदनिका रिकामी झालेली असेल. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची चर्चाही याच कारणाने आजच थांबवा. त्या ग्रुपमध्ये सदनिकेचा मालक आहे का, त्याचा एजंट आहे का, हे कोणी तपासले आहे? फोटो टाकणे तर पूर्णपणे बंद झाले पाहिजे. त्यात ती मुलगी दिसत असेल, तर बालकाची ओळख उघड करणे हा पॉक्सो आणि २०१५ चा बाल न्याय कायदा या दोन्हींखाली गुन्हा आहे. ज्याने रागाने फोटो टाकला, तोच उद्या आरोपी ठरू शकतो, आणि त्या मुलीच्या गावी एखाद्या दिवशी तो फोटो पोचला, तर तिच्या घराचे दार तिच्यासाठी बंद होऊ शकते. लिफ्टचे आणि प्रवेशद्वाराचे सीसीटीव्ही चित्रण मात्र ताबडतोब जपून ठेवायला सांगा, कारण बहुतेक यंत्रांत जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. ते फक्त पोलिसांच्या हाती द्या. अभ्यागतांची वही, वाहनांचे क्रमांक, भाडेकराराची प्रत आणि एजंटचे नाव हेही पुरावे आहेत. कचऱ्यातील निरोधची पाकिटे गोळा करण्याचा उद्योग कोणी करीत असेल, तर त्याला थांबवा: सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात, आरोग्यरक्षणासाठी वापरली जाणारी ही साधने गुन्ह्याचा पुरावा मानू नयेत, असे बजावले आहे.

बाहेरची माणसे बोलावून सामान रस्त्यावर काढण्याची कल्पना ऐकून मला खरोखर भीती वाटली. अशा वेळी जमाव सर्वांत आधी कोणाच्या अंगावर जातो? दलाल मागच्या जिन्याने निघून जातो, गिऱ्हाईक तोंड झाकून पळते, आणि हाती सापडतात त्या मुली. त्यांना शिव्या दिल्या जातात, केस धरून ओढले जाते, कोणीतरी चित्रीकरण करतो. मारहाण आणि घरात घुसणे हे गुन्हे आहेतच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ज्या मुलीला दलालाने रोज सांगितले आहे की ‘बाहेर गेलीस तर लोक तुला मारतील, पोलीस आत टाकतील’, तिला आपण त्या दिवशी दलाल खरे बोलत होता, हे पटवून देतो. त्यानंतर ती कोणत्याही अधिकाऱ्यापुढे तोंड उघडणार नाही. ती बांगलादेशातून किंवा नेपाळमधून आणलेली असेल, तर तिची भीती आणखी खोल असते. ‘घुसखोर’ म्हणून ओरडणाऱ्यांना हे सांगा की बळजबरीने या धंद्यात ढकलल्या गेलेल्या परदेशी महिला आणि बालकांना आरोपी न मानता पीडित मानावे, अशा अर्थाच्या सूचना केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१२ मध्येच राज्यांना दिलेल्या आहेत.

नुसते हुसकावून लावल्याने काय होते, याचे मोठे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गोव्यात वास्कोजवळच्या बायणा येथील वेश्यावस्ती २००४ मध्ये बुलडोझर लावून पाडण्यात आली. तेथील धंदा संपला नाही. तो गोव्यातील लॉज, खोल्या आणि रस्त्यांवर विखुरला, आणि ज्या स्त्रियांपर्यंत आरोग्यसेवक व कार्यकर्ते पोचत होते त्या त्यांच्या नजरेआड गेल्या. एका सदनिकेच्या बाबतीत हेच लहान प्रमाणावर घडते. तुमच्या इमारतीला शांतता मिळते, आणि दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीत तीच मुलगी पुन्हा कोणाकडे फोन मागते.

येथेच चेअरमनसाहेबांच्या त्या वाक्याबद्दल बोलले पाहिजे. बुधवार पेठेचे नाव शिवीसारखे वापरणे मला मान्य नाही. दगडूशेठच्या दर्शनाला आणि लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला जाणारे आपण सगळे त्या गल्ल्यांच्या तोंडावरून पिढ्यान्‌पिढ्या जात आलो आहोत, आणि तेथे राहणाऱ्या स्त्रिया याच शहराच्या रहिवासी आहेत. त्यांची ‘सहेली’ ही स्वतःची संघटना आहे. त्यांच्या मुलांसाठी वंचित विकास संस्थेचे ‘नीहार’ हे वसतिगृह चालते. सांगलीतील वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या संघटनेने तर वस्तीत नव्याने आणलेली मुलगी अल्पवयीन आहे का, बळजबरीने आणली आहे का, यावर स्वतः लक्ष ठेवण्याचे काम केले आहे. तस्करीचा राग सर्वांत जास्त कोणाला येतो, हे या स्त्रियांशी बोलल्यावर कळते. बंद दाराआडच्या सदनिकेत किंवा स्पाच्या पाटीमागे ठेवलेल्या मुलीभोवती अशी कोणतीही संघटना नसते, आणि म्हणूनच तुमच्यासारख्या शेजारणीचा फोन इतका महत्त्वाचा ठरतो.

कायदाही येथे फरक करतो, आणि तो फरक सोसायटीतील प्रत्येकाने समजून घेतला पाहिजे. प्रौढ स्त्रीने स्वतःच्या मर्जीने पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणे हा आपल्या देशात स्वतःहून गुन्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन तरुणींना सुधारगृहातून मुक्त करताना हे स्पष्ट शब्दांत सांगितले. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगणे, कोणाला या धंद्यात आणणे आणि तेथे डांबून ठेवणे. सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणे, किंवा शाळा, रुग्णालय, प्रार्थनास्थळ यांच्यापासून २०० मीटरच्या आत हा व्यवसाय करणे हेही गुन्हे आहेत आणि त्यांत स्त्रीलाही शिक्षा होऊ शकते, ही या कायद्याची मला खटकणारी बाजू आहे. याउलट भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये मानवी तस्करीची शिक्षा किमान सात वर्षे आणि बळी बालक असेल तर किमान दहा वर्षे ते जन्मठेप अशी आहे, आणि बळजबरी, फसवणूक किंवा आमिष यांनी आणलेल्या व्यक्तीची ‘संमती होती’ हा बचाव तेथे चालत नाही. म्हणून तुमच्या तक्रारीचा रोख दलाल, चालक आणि जाणूनबुजून जागा देणारा यांच्यावर ठेवा. ‘अनैतिक बायका राहतात’ असे लिहू नका. ‘येथे अल्पवयीन मुलीला इच्छेविरुद्ध ठेवल्याचा संशय आहे’ असे लिहा. पहिल्या वाक्यावरची कारवाई त्या बायकांवर होते आणि दुसऱ्यावरची त्यांना ठेवणाऱ्यांवर.

छाप्याच्या वेळी तुमच्या सोसायटीला खरे काम आहे, आणि ते टाळण्याकडेच लोकांचा कल असतो. झडतीला परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून लागतात आणि त्यांत किमान एक स्त्री असावी लागते, असे पिटा कायद्याचे कलम १५ सांगते. आतल्या स्त्रियांची विचारपूस महिला पोलीस अधिकाऱ्यानेच करायची असते. प्रकृती आणि मन दोन्ही साथ देत असतील, तर पंच म्हणून उभ्या राहा. पंचनामा शब्दन्‌शब्द वाचा, जे प्रत्यक्ष पाहिले तेवढ्यावरच सही करा, आणि सुटका झालेल्या मुलींचा कोणी फोटो काढत असेल तर त्याला तेथेच रोखा. तुमच्या उपस्थितीने त्या खोलीतील बोलण्याचा सूर बदलतो, यावर विश्वास ठेवा. चादर, पाणी, पायात घालायला चपला, एवढे जरी कोणी पुढे केले तरी ते फार असते.

सुटका झालेल्या अल्पवयीन मुलीला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. पुढच्या काही दिवसांत कोणी ‘मामा’ किंवा ‘मावशी’ म्हणवणारी माणसे वॉचमनकडे येऊन तिला कोठे नेले, याची चौकशी करण्याची शक्यता असते. कागदपत्रे दाखवून मुलीचा ताबा परत मिळवण्याचा दलालांचा हा जुना मार्ग आहे. वॉचमनने त्यांना फक्त पोलीस ठाण्याकडे पाठवावे आणि त्यांच्या गाडीचा क्रमांक तपास अधिकाऱ्यांना कळवावा. तस्करीला बळी पडलेल्या व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, तोही उत्पन्नाची अट न लावता, आणि पुण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यासाठी आहे. सोबतच्या मुली प्रौढ निघाल्या, तर त्या काय सांगतात ते ऐकून घेतले जावे. त्यांतील एखादी ‘मी माझ्या मर्जीने आले’ म्हणाली, तर ते तुम्हाला रुचले नाही तरी तिला तुच्छतेने वागवण्याचा अधिकार कोणालाच मिळत नाही.

छापा पडल्यावर मालकाला नोटीस द्या, आणि आता ती कडक भाषेत द्या. झडतीत सापडलेल्या वस्तूंची यादी मालकाला दिली गेली, किंवा त्या जागेबद्दलची बातमी त्याच्या भागातील वर्तमानपत्रात आली, की त्यानंतर त्याला हे ठाऊक होते, असे कायदा गृहीत धरतो. ‘मला काही कल्पना नव्हती’ हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर येते. जागा शाळा किंवा रुग्णालयासारख्या ठिकाणापासून २०० मीटरच्या आत असेल, तर कलम १८ खाली दंडाधिकारी ती रिकामी करून घेऊ शकतात आणि पुढे एक वर्ष, बालक सापडले असल्यास तीन वर्षे, त्यांच्या परवानगीशिवाय ती भाड्याने देता येत नाही.

राहिला एकट्या मुलींना घर न देण्याचा ठराव. त्याला विरोध करा, आणि सभेत उभे राहून करा. ही सदनिका तर कागदावर दांपत्याला दिलेली होती. ठराव झाला असता तरी दलालाला घर मिळालेच असते, आणि नाकारली गेली असती ती रात्रपाळी करणारी नर्स, खराडीच्या कंपनीतील मुलगी, स्पर्धा परीक्षेसाठी आलेली लातूरची विद्यार्थिनी. उशिरा घरी येणे, मित्र भेटायला येणे, वेगळी भाषा बोलणे किंवा ईशान्येकडचा चेहरा असणे यांपैकी काहीही संशयाचे कारण नाही. तुम्हाला जे दिसले ते निराळे होते: बदलत राहणारे चेहरे, थोड्या वेळासाठी येणाऱ्या पुरुषांची रीघ, स्वतःचा फोन नसलेली मुलगी, तिच्या दंडावर दुसऱ्याचा हात. सभेला ठराव हवाच असेल तर असा करा: नोंदणीकृत करार असल्याशिवाय, जो १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तसाही बंधनकारक आहे, आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिल्याशिवाय किल्ली हाती दिली जाणार नाही, एजंटवर न सोडता मालकाने एकदा स्वतः येऊन कोण राहते ते पाहावे, आणि करारात नाव असलेलीच माणसे राहतात का, हे स्त्री-पुरुष असा भेद न करता विचारले जावे.

एक शेवटची तयारी ठेवा. खटला उभा राहायला वर्षे लागू शकतात, आणि तोपर्यंत पंच व साक्षीदार घर बदलतात, कंटाळतात किंवा कोणाच्या दबावाखाली येतात, आणि मग दलाल सुटतो. आजवर पाहिलेले सगळे तारखेसह एका वहीत लिहून काढा आणि ती वही जपून ठेवा. समन्स आले, की सरकारी वकिलांना आधी भेटून आपला जबाब वाचून घ्या. कोणी धमकावले किंवा पैसे देऊ केले, तर ते त्याच दिवशी तपास अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि साक्षीदार म्हणून संरक्षण मागा. न्यायालयात जाताना यजमानांना सोबत घेऊन जा.